बाळाला ऐकू येते हे कसे कळते? संवेदना आणि मेंदूचे प्रतिसाद मोजण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रवणचाचणीच्या खोलीबाहेर बसलेले पालक, मधुमेहाच्या तपासणीला आलेले ज्येष्ठ नागरिक आणि मेंदूविज्ञानाचे कुतूहल असलेले विद्यार्थी यांच्याकडून वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः श्रवणाची आहेत, कारण माणसाचे सांगणे आणि मेंदूचा विद्युत प्रतिसाद या दोन्ही गोष्टी रोजच्या उपचारात इतक्या जवळ आलेले दुसरे ज्ञानेंद्रिय क्वचितच सापडेल.

दुसऱ्या माणसाला काय जाणवते ते बाहेरून मोजता येते का?

थेट मोजता येत नाही. मला दिसणारा तांबडा रंग आणि तुम्हाला दिसणारा तांबडा रंग सारखाच आहे का, हे ठरवणारे कोणतेही उपकरण नाही. मात्र आवाज, प्रकाश, दाब, उष्णता असे बाहेरून दिले जाणारे उद्दीपक अचूक मोजता येतात, आणि त्यांना माणसाने दिलेले उत्तरही नोंदवता येते. उद्दीपक थोडाथोडा बदलत नेला असता उत्तर नेमके कोठे बदलते, हे शोधणे हा या शास्त्राचा गाभा आहे. उत्तर मिळवण्याच्या वाटा दोन आहेत. एक म्हणजे माणूस स्वतः सांगतो, बोट वर करतो किंवा बटण दाबतो. या वाटेच्या अभ्यासाला मनोभौतिकी म्हणतात. दुसरी म्हणजे त्याच्या कानातून, मज्जातंतूंतून आणि मेंदूतून निघणारे अतिशय क्षीण संकेत यंत्राने टिपले जातात. या दोन वाटा एकच गोष्ट मोजत नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले तर अहवाल वाचताना होणारा बराचसा गोंधळ टळतो.

या मोजमापाची सुरुवात कोणी केली?

जर्मनीतील लायप्झिग येथे अर्न्स्ट वेबर यांनी १८३० च्या दशकात स्पर्शावर प्रयोग केले. कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवली तर ती दोन आहेत हे बोटाच्या टोकाला अवघ्या दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही कळते, तर पाठीवर त्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर अंतर लागते, हे अशा प्रयोगांतून दिसते. वजन उचलून पाहण्याच्या प्रयोगांत त्यांना आणखी महत्त्वाची गोष्ट आढळली. जाणवेल इतका लहानात लहान फरक हा मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असतो, आणि हाताने उचललेल्या वजनासाठी ते प्रमाण सुमारे एक चाळीसांश येते. हातात ४०० ग्रॅम वजन असेल तर १० ग्रॅमची भर जाणवते, पण ४ किलोच्या पिशवीत तेच १० ग्रॅम टाकले तर पत्ताही लागत नाही. तेथे १०० ग्रॅम लागतात.

त्याच शहरातील गुस्ताव फेख्नर यांनी या निरीक्षणाला गणिताचे रूप दिले. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि प्रकाशानंतर डोळ्यांत उरणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करताना सूर्याकडे पाहून त्यांनी आपली दृष्टी बिघडवून घेतली होती. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी मन आणि पदार्थ यांचे नाते आकड्यांत मांडण्याची कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. १८६० साली त्यांनी मनोभौतिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मोजणीच्या तीन पद्धती थोड्याफार फरकाने आजही दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत वापरल्या जातात.

संवेदनेचा ‘उंबरठा’ म्हणजे नेमके काय? तो एकच आकडा असतो का?

उंबरठा म्हटले की अलीकडे आणि पलीकडे अशी स्पष्ट सीमा डोळ्यांपुढे येते, पण प्रत्यक्षात तशी सीमा सापडत नाही. अगदी मंद आवाज दहा वेळा दिला तर तो तीनदा ऐकू येतो, सातदा येत नाही. थोडा वाढवला तर सातदा ऐकू येतो. आलेखावर ही चढण तिरक्या पडलेल्या ‘एस’ अक्षरासारखी दिसते. म्हणून शास्त्रज्ञ सोयीने एक बिंदू ठरवतात, बहुतेकदा निम्म्या वेळा उत्तर मिळते तो, आणि त्याला उंबरठा म्हणतात. आज २० आणि उद्या २५ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक) आले तर चाचणी चुकली असे समजू नये. ५ डेसिबलचा फरक नेहमीचाच आहे.

ऑडिओमेट्री चाचणीत काय केले जाते? शून्य डेसिबल म्हणजे शांतता का?

ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यातील शुद्ध स्वर एकेका कानाला ऐकवले जातात. सहज ऐकू येईल अशा पातळीपासून सुरुवात होते. रुग्णाने ऐकू आल्याची खूण केली की आवाज १० डेसिबलने कमी केला जातो, खूण आली नाही की ५ डेसिबलने वाढवला जातो. असे खाली-वर करत, आवाज वाढवत नेताना किमान निम्म्या वेळा ऐकू आलेली सर्वांत कमी पातळी नोंदवतात. एका कानाला मोठा आवाज दिला तर तो कवटीच्या हाडातून दुसऱ्या कानापर्यंत पोहोचतो. चांगल्या कानाने वाईट कानाच्या वतीने उत्तर देऊ नये म्हणून गरज पडल्यास चांगल्या कानात सरसर असा आवाज सोडून तो गुंतवून ठेवावा लागतो.

ऑडिओग्रामवरील, म्हणजे या चाचणीच्या आलेखावरील, शून्य म्हणजे आवाजाचा अभाव अजिबात नव्हे. निरोगी तरुण कानांना प्रत्येक वारंवारतेला सरासरी जितका कमी आवाज ऐकू येतो, त्या पातळीला शून्य मानलेले आहे. त्यामुळे काही जणांचा उंबरठा उणे ५ किंवा उणे १० सुद्धा येतो आणि त्यात काही गैर नाही. सर्वसाधारण श्रवणाची मर्यादा पूर्वी २५ डेसिबलपर्यंत धरत असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ती २० च्या आत आणली आहे. जुना आणि नवा अहवाल ताडून पाहताना हा बदल ध्यानात ठेवावा.

रुग्णाने अंदाजाने बटण दाबले तर निष्कर्ष चुकत नाही का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला शास्त्रालाही जवळजवळ शंभर वर्षे लागली. समजा दोन माणसांची श्रवणशक्ती अगदी सारखी आहे. एक जण उत्साही आहे, शंका आली तरी हात वर करतो. दुसरा सावध आहे, पूर्ण खात्री झाल्याशिवाय हलत नाही. जुन्या पद्धतीने मोजले तर पहिल्याचा कान तिखट आणि दुसऱ्याचा मंद ठरेल, जरी फरक कानांचा नसून स्वभावाचा असला तरी.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर खरा ठिपका ओळखण्याच्या गरजेतून जे गणित पुढे आले, ते १९५० च्या दशकात मानवी संवेदनेला लावले गेले. त्याला संकेत-शोध सिद्धांत म्हणता येईल. यात काही वेळा मुद्दाम काहीच आवाज दिला जात नाही. आवाज असताना ‘हो’ म्हणणे आणि आवाज नसताना ‘हो’ म्हणणे यांची नोंद वेगवेगळी ठेवली, की माणसाची संवेदनक्षमता आणि ‘हो’ म्हणण्याकडे असलेला त्याचा कल हे दोन आकडे वेगळे काढता येतात. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. ‘ऐकू आले का?’ असे न विचारता ‘पहिल्या वेळी आवाज होता की दुसऱ्या वेळी?’ असे विचारायचे आणि काहीही झाले तरी एक पर्याय निवडायला लावायचे. येथे सावधपणाला फारसा वाव उरत नाही. आपल्याला काहीच ऐकू आले नाही असे ठामपणे सांगणाऱ्या माणसाची उत्तरेही पुष्कळदा निम्म्याहून अधिक वेळा बरोबर येतात. माणसाच्या जाणिवेत न पोहोचलेली गोष्टही त्याच्या उत्तरात उतरू शकते, हे या साध्या युक्तीने दाखवून दिले, आणि माझ्या मते हा या शास्त्रातील सर्वांत सुंदर शोधांपैकी एक आहे.

आवाजाची शक्ती दुप्पट केली तर तो दुप्पट मोठा वाटतो का?

वाटत नाही. आवाजाची शक्ती दहापट केली, म्हणजे पातळी १० डेसिबलने वाढवली, की तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. हार्वर्ड विद्यापीठातील एस. एस. स्टीव्हन्स यांनी लोकांना थेट आकडे द्यायला सांगून असे अनेक प्रयोग केले आणि १९५७ साली आपला घातांक नियम मांडला. प्रकाश वाढवला तर तो आहे त्यापेक्षा पुष्कळ कमी वाढल्यासारखा भासतो. रेघेची लांबी जवळजवळ जशीच्या तशी जाणवते. विजेचा झटका मात्र थोडा वाढला तरी कितीतरी अधिक वाटतो. शरीराला धोका जेथे आहे तेथे संवेदना झपाट्याने चढते, असे यावरून दिसते.

माणसाची ज्ञानेंद्रिये किती सूक्ष्म असतात?

याचे सर्वांत विलक्षण मोजमाप डोळ्याचे आहे. न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ साली केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना आधी किमान अर्धा तास पूर्ण अंधारात बसवले आणि मग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी छोटी हिरवट चमक दाखवली. ती दिसण्यासाठी बुबुळावर सुमारे ५४ ते १४८ प्रकाशकण पडावे लागत. त्यांतले बरेचसे वाटेतच परावर्तित होतात किंवा शोषले जातात, आणि दृष्टिपटलातील दंडपेशी प्रत्यक्षात फक्त ५ ते १४ कण टिपतात. हे कण शेकडो पेशींवर विखुरलेले असल्यामुळे एका पेशीवर दोन कण पडण्याची शक्यता नगण्य होती. म्हणजेच एकेक दंडपेशी एकाच प्रकाशकणाला प्रतिसाद देते. पेशीला हातही न लावता, केवळ ‘दिसले’ आणि ‘दिसले नाही’ या उत्तरांवरून हा निष्कर्ष काढला गेला.

मधुमेहाच्या तपासणीत पायाला नायलॉनचा दोरा का टोचतात?

तेही संवेदनेचा उंबरठा मोजण्याचेच साधन आहे. हा दोरा १० ग्रॅम दाब पडला की वाकतो, त्यामुळे तपासणारा कोणीही असला तरी दाब तितकाच राहतो. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाला तो जाणवला नाही, तर पायातील संरक्षक संवेदना कमी झाली आहे आणि जखम झाली तरी त्याला कळणार नाही, असे समजतात. जोडीला १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन जाणवते का तेही पाहतात. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि तिचा खर्च नाममात्र आहे. ती दरवर्षी करून घ्यावी.

मेंदूचा प्रतिसाद डोक्याच्या बाहेरून कसा पकडला जातो?

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या (या नोंदीला ईईजी म्हणतात) आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी लय दिसते आणि डोळे उघडताच ती दबते, हे त्यांनीच दाखवले. या लहरी काही दशक मायक्रोव्होल्टच्या असतात, म्हणजे साध्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टच्या काही लक्षांश इतक्या.

अडचण अशी की एका ‘टक्’ आवाजाला मिळणारा प्रतिसाद त्याहूनही कितीतरी लहान असतो आणि मेंदूच्या चालू गोंगाटात तो बुडून जातो. त्यावर १९५० च्या आसपास लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी सरासरीचा मार्ग पक्का केला. एकच आवाज शेकडो वेळा द्यायचा, प्रत्येक वेळची नोंद आवाजाच्या क्षणापासून मोजून एकावर एक रचायची आणि सरासरी काढायची. आवाजाशी संबंध नसलेल्या लहरी कधी वर, कधी खाली असल्यामुळे एकमेकींना खोडत जातात; आवाजाला बांधलेला प्रतिसाद मात्र दर वेळी त्याच जागी येतो आणि हळूहळू स्पष्ट होतो. गोंगाट नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. २००० वेळा आवाज दिला तर तो जवळजवळ ४५ पटींनी कमी होतो. सेकंदाला २० या वेगाने २००० ‘टक्’ द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बेरा चाचणी म्हणजे हेच का?

होय. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात ‘टक् टक्’ आवाज देतात आणि पहिल्या १० मिलिसेकंदांत श्रवणमज्जातंतू व मेंदूस्तंभ (मेंदूच्या तळाचा देठासारखा भाग) यांतून निघणारे संकेत सरासरीने बाहेर काढतात. डॉन ज्यूएट यांनी १९७० च्या सुमारास वर्णन केलेल्या या लहरींना रोमन अंकांनी ओळखतात. त्यांतील पाचवी सर्वांत उपयोगी आहे. मोठ्या माणसात ती साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांनी येते, तिची उंची एक मायक्रोव्होल्टहूनही कमी असते, आणि आवाज कमी करत नेला तरी ती शेवटपर्यंत टिकते. ती ज्या पातळीला दिसेनाशी होते तेथे बाळाच्या श्रवणाचा उंबरठा जवळपास आहे असे धरतात. नवजात बाळात या लहरी उशिरा येतात, म्हणून वयानुसार ठरलेल्या मापांशीच तुलना करावी लागते. झोपेचा या लहरींवर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच ही चाचणी झोपलेल्या बाळावर करता येते.

तरीही एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. आवाज मेंदूस्तंभापर्यंत वेळेवर आणि एकजुटीने पोहोचतो एवढेच बेरा सांगते. बाळाला तो शब्द म्हणून उमगतो का, हे ती सांगू शकत नाही. शिवाय ‘टक्’ हा आवाज प्रामुख्याने २००० ते ४००० हर्ट्झच्या भागाचा अंदाज देतो. श्रवणयंत्र जुळवायचे असेल तर वेगवेगळ्या वारंवारतांचे छोटे स्वर वापरून केलेली चाचणी आवश्यक असते, आणि ती मागून घेण्यात संकोच करू नये.

बाळ ओएई चाचणीत उत्तीर्ण झाले, पण बेरामध्ये लहरी आल्या नाहीत. यंत्र बिघडले आहे का?

तसे असेलच असे नाही. निरोगी कान स्वतःही अतिशय मंद आवाज बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये दाखवले. आंतरकर्णातील शंखाकृती कॉक्लियात असलेल्या बाह्य केसपेशी आवाज आला की स्वतः हलतात आणि तो वाढवतात. त्या हालचालीचा प्रतिध्वनी कानात ठेवलेला सूक्ष्म मायक्रोफोन टिपतो. ओएई चाचणी ती हीच. म्हणजे ओएई फक्त बाह्य केसपेशींबद्दल बोलते आणि बेरा त्यापुढच्या वाटेबद्दल. केसपेशी शाबूत, पण मज्जातंतूकडून येणारे संकेत विस्कळीत, अशा स्थितीत ओएई येते आणि बेरा येत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या नवजात बाळांमध्ये याचा धोका अधिक असतो, म्हणून त्यांची केवळ ओएईवर बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

याच्या उलटही घडते. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव किंवा चिकट थर साचलेला असल्याने निरोगी बाळही ओएईत नापास होते. अशा वेळी घाबरून जाऊ नये, पण पुन्हा चाचणीला जायचे टाळूही नये.

इलेक्ट्रोडमुळे शॉक बसतो का?

नाही. त्यांतून शरीरात वीज सोडली जात नाही. ते फक्त त्वचेवरील विद्युतदाब टिपतात. त्वचा घासून स्वच्छ केल्यामुळे थोडी लाली येते, ती काही वेळात जाते.

मग एफएमआरआय का करत नाहीत? त्यात तर मेंदू ‘दिसतो’.

एफएमआरआयमध्ये, म्हणजे चुंबकीय यंत्राने मेंदूचे काम टिपणाऱ्या चाचणीत, दिसतो तो रक्तपुरवठ्यातील बदल. पेशींना ऑक्सिजन देऊन टाकलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म बदलतात, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली प्रतिमांसाठी वापरून दाखवले. चेतापेशी काही मिलिसेकंदांत काम उरकतात, तर रक्तपुरवठा पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. जागा मिलिमीटरांत कळते, पण वेळ हातून निसटते. ईईजीमध्ये नेमके उलटे होते. शिवाय एफएमआरआय यंत्राचा आवाज इतका मोठा असतो की श्रवणाचा अभ्यास करणाऱ्यांना खास योजना करावी लागते.

रंगीत चित्रावर विसंबण्यापूर्वी आकडेशास्त्राची खातरजमा हवी, याचे प्रसिद्ध उदाहरण २००९ चे आहे. संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना घ्यायची काळजी वगळली, तेव्हा मृत माशाच्या मेंदूतही सक्रिय ठिपके उमटले. ती काळजी घेताच ते नाहीसे झाले.

लक्ष नसेल तर मेंदूचा प्रतिसाद बदलतो का?

मेंदूस्तंभाचा फारसा नाही, पण मेंदूच्या पृष्ठभागाचा निश्चित बदलतो. १९७३ साली हिलयार्ड आणि सहकाऱ्यांनी दोन्ही कानांत वेगवेगळे स्वर देऊन एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितले. आवाजानंतर साधारण शंभर मिलिसेकंदांनी येणारी लहर लक्ष दिलेल्या बाजूला मोठी आली, आवाज तेवढाच असूनही.

हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णांबाबत याचा फार मोलाचा उपयोग झाला. २००६ साली केंब्रिज येथील एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर बाह्यतः कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला एफएमआरआयमध्ये टेनिस खेळण्याची आणि मग आपल्या घरातील खोल्यांतून फिरण्याची कल्पना करायला सांगितले. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे जे भाग सक्रिय झाले, ते निरोगी व्यक्तींप्रमाणेच होते. बोट हलले नाही म्हणून आत कोणी नाही, असे धरून चालणे किती मोठी चूक ठरू शकते, हे त्या नोंदींनी दाखवले.

वेदना यंत्राने मोजता येते का?

आजच्या घडीला उपचारासाठी विसंबता येईल असे वेदनामापक यंत्र नाही. शून्य ते दहा या पट्टीवर रुग्ण सांगेल तो आकडा हेच मुख्य माप आहे. एका रुग्णाचा सहा आणि दुसऱ्याचा सहा यांची तुलना करू नये. त्याच रुग्णाचा कालचा आठ आणि आजचा पाच यांची करावी.

मेंदूच्या लहरींवरून खोटे बोलणे किंवा गुन्हा ओळखता येतो का?

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. २००८ साली पुण्यातील न्यायालयाने एका खून खटल्यात, आरोपीला विधाने ऐकवून घेतलेल्या मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवाल इतर पुराव्यांसोबत विचारात घेतला आणि त्यावर जगभरातील मेंदूतज्ज्ञांनी आक्षेप घेतले. आक्षेप रास्त होते, कारण ऐकलेल्या वर्णनाची ओळख आणि स्वतः केलेल्या कृतीची आठवण यांना लहरींवरून खात्रीने वेगळे करता येते, हे स्वतंत्र संशोधनातून सिद्ध झालेले नव्हते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या व्यक्तीच्या संमतीविना करणे राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवले; संमतीने केलेल्या चाचणीचा निकालही केवळ त्याच्या बळावर पुरावा मानता येत नाही.

बाळाची श्रवणचाचणी केव्हा करावी?

पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा क्रम जगभर मानला जातो. हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मजात श्रवणदोष असतो. ‘थाळी वाजवली की वळून बघतो’ ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. थाळीचा आवाज फार मोठा असतो आणि बाळ हाताची हालचाल पाहूनही वळते. ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलायला लागतात’ या समजुतीपायी गेलेली दोन वर्षे भाषेसाठी परत मिळत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे विचारणा केली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा मार्ग कळतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे.

बेरासाठी बाळाला नेताना कोणती तयारी करावी?

आदल्या रात्री बाळाला थोडे उशिरा झोपवावे, सकाळी लवकर उठवावे आणि प्रवासात झोपू देऊ नये. केंद्रात पोहोचल्यावर दूध पाजले की ते गाढ झोपते आणि लहरी स्वच्छ येतात. गुंगीच्या औषधाची गरज भासलीच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. त्या औषधाआधी उपाशी ठेवण्याबाबत वेगळी सूचना असू शकते, म्हणून ती आधीच विचारून घ्यावी. डोक्याला तेल लावू नये, कारण इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. सर्दी किंवा कान वाहत असेल तर आधी कळवावे. अहवाल हाती आल्यावर पाचवी लहर प्रत्येक कानाला किती डेसिबलपर्यंत दिसली हा आकडा त्यात लिहिलेला आहे ना, ते पाहावे. नसेल तर तेथेच लिहून घ्यावा, आणि ओएईचा कागद त्याच फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे पुढच्या तज्ज्ञाला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील.